अपघातग्रस्त कामगाराची भरपाई : वजावट केव्हा, परतफेड केव्हा?

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे पसरलेली आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलाद वितळवणारे कारखाने आणि रोलिंग मिल यांवर येथील हजारो कुटुंबांची गुजराण होते. तप्त धातू आणि वेगाने फिरणारे रूळ यांच्या सान्निध्यात अपघाताची शक्यता रोजचीच असते.

समजा, अशा एका रोलिंग मिलमध्ये २०२४ साली ३० वर्षे वयाच्या कामगाराचा अंगठा यंत्रात सापडून तुटला. त्याचे मासिक वेतन २२,००० रुपये होते. चार महिने तो घरी बसला. भरपाईचा विषय निघताच मुकादमाने त्याला सांगितले, “दवाखान्याचे साठ हजार मालकाने भरले आहेत, ते यातून कापले जातील. अपघातापूर्वी घेतलेली उचलही वळती होईल. शिवाय उद्या वरच्या न्यायालयात अपील झाले, तर मिळालेले पैसेही परत करावे लागतील.” हे ऐकून कामगार गप्प बसला आणि देऊ केलेल्या थोड्या रकमेवर अंगठ्याऐवजी सही करून मोकळा झाला.

उदाहरण कल्पित आहे. पण मुकादमाच्या बोलण्यातील तिन्ही दावे कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगे आहेत. त्यांपैकी पहिले दोन चुकीचे आहेत आणि तिसरा अर्धाच खरा आहे. मिळालेली भरपाई कामगाराला परत करावी लागते का, लागत असल्यास केव्हा, याचे उत्तर प्रस्तुत लेखात शोधले आहे. सामाजिक सुरक्षेचा अभ्यास करताना ‘भरपाई किती मिळते’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘मिळालेली भरपाई किती सुरक्षित असते’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

दोन कायदे, दोन रचना

भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या इजेसाठी दीर्घकाळ दोन समांतर कायदे अस्तित्वात होते. पहिला म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या वेळी रायपूर आणि नागपूर हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते. त्यामुळे नागपूरचा गिरणी कामगार आणि रायपूरचा मजूर एकाच प्रांतिक प्रशासनाखाली या कायद्याच्या कक्षेत आले. २००९ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव ‘कर्मचारी भरपाई अधिनियम’ असे झाले. या कायद्यानुसार भरपाईची जबाबदारी व्यक्तिशः मालकावर असते. मालकाची चूक सिद्ध करण्याची आवश्यकता नसते. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे पुरेसे ठरते.

दुसरा कायदा म्हणजे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालातून या योजनेची बैठक तयार झाली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा आरंभ झाला. येथे जबाबदारी एका मालकाची न राहता अंशदानातून उभ्या राहिलेल्या सामाईक निधीची असते. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. आपल्या उदाहरणातील कामगाराचे वेतन त्याहून अधिक असल्याने त्याला १९२३ च्या अधिनियमाचा आधार घ्यावा लागतो.

वजावट म्हणजे परतफेड नव्हे

१९२३ च्या अधिनियमाखाली भरपाईची गणना करताना १५,००० रुपयांपर्यंतचेच मासिक वेतन धरले जाते. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून लागू झाली. कायमस्वरूपी पूर्ण अक्षमतेसाठी वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजेच ९,००० गुणिले २०७.९८, एकूण १८,७१,८२० रुपये. अंगठा गमावल्यास अनुसूचीनुसार अर्जनक्षमतेची हानी ३० टक्के मानली जाते. त्यामुळे या कामगाराला देय असलेली भरपाई ५,६१,५४६ रुपये होते.

घरी बसलेल्या चार महिन्यांत त्याला तात्पुरत्या अक्षमतेपोटी अर्धमासिक रक्कम मिळाली असेल, तर ती वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे दर पंधरवड्यास ३,७५० रुपये होते. आठ हप्त्यांचे ३०,००० रुपये झाले. अंतिम भरपाईतून ही रक्कम वजा करता येते, कारण ती त्याच भरपाईचा आगाऊ दिलेला भाग असते. उरलेले ५,३१,५४६ रुपये कामगाराला मिळाले पाहिजेत. येथे कामगाराने काहीही ‘परत’ केलेले नाही. केवळ हिशेब पूर्ण झाला आहे.

आता मुकादमाचा पहिला दावा पाहू. मालकाने वैद्यकीय उपचारांसाठी दिलेली रक्कम भरपाईपोटी दिलेली रक्कम मानली जाणार नाही, असे कलम ४ मधील स्पष्टीकरणात नमूद आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर तर उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देणे हे मालकाचे स्वतंत्र कर्तव्यच झाले. म्हणून साठ हजारांची वजावट बेकायदेशीर ठरते.

दुसरा दावा जुन्या उचलीचा. कलम ९ नुसार भरपाईची रक्कम जप्त करता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि कोणत्याही अन्य देण्यापोटी वळतीही करून घेता येत नाही. उचल खरी असली, तरी तिची वसुली करण्याचा मार्ग वेगळा आहे. तुटलेल्या अंगठ्याच्या मोबदल्यातून ती घेता येत नाही.

कागदावर सही करून घेण्यालाही कायद्याने किंमत लावलेली आहे. कायमस्वरूपी अक्षमतेची एकरकमी भरपाई मालकाने आपसात ठरवली असेल, तर त्या कराराचे ज्ञापन भरपाई आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवणे बंधनकारक आहे. रक्कम अपुरी असल्यास किंवा करार फसवणुकीने अथवा दबावाने झाला असल्यास आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. ज्ञापन पाठवलेच नाही, तर कलम २९ नुसार मालक पूर्ण भरपाईस पात्र राहतो. आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याखेरीज, आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावट त्याला मिळत नाही. समजा, नोंदणी न केलेल्या करारावर दोन लाख रुपये दिले, तर मालकाला त्यांतील केवळ एक लाखाची वजावट मागता येईल. गुपचूप तडजोडीची जोखीम कायद्याने अशा रीतीने मालकाच्या पदरात टाकली आहे.

मृत्यूच्या प्रकरणात ही जोखीम आणखी वाढते. भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद एकच. मालक अवलंबितांना तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम देऊ शकतो. ती आयुक्त नंतर जमा रकमेतून वजा करून मालकाला परत देतात.

परतफेडीचे चार प्रसंग

वजावटीचा भाग बाजूला काढल्यावर खऱ्या अर्थाने परतफेडीचे प्रसंग मोजकेच उरतात. त्यांची विभागणी चार गटांत करता येईल.

पहिला प्रसंग हक्क नसताना लाभ घेतल्याचा. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाच्या कलम ७० नुसार, कायदेशीर हक्क नसताना मिळालेला लाभ महामंडळास परत करावा लागतो. लाभार्थी मरण पावला असल्यास त्याच्या मालमत्तेपैकी जेवढी मालमत्ता वारसांच्या हाती आली असेल, तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी राहते. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. याचे नेहमीचे उदाहरण तात्पुरत्या अक्षमतेच्या लाभाचे आहे. हा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो. पण ज्या दिवशी विमाधारक काम करतो, त्या दिवसाचा लाभ त्याला मिळत नाही. दैनिक वेतन ६०० रुपये असलेल्या कामगाराने ४५ दिवसांचे २४,३०० रुपये घेतले आणि त्यांपैकी १० दिवस तो दुसरीकडे कामाला गेला, असे आढळल्यास त्या १० दिवसांचे ५,४०० रुपये परत करावे लागतील. जाणूनबुजून खोटे निवेदन केले असल्यास कलम ८४ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद होती.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा. अक्षमतेबाबतचा वैद्यकीय मंडळाचा निर्णय महत्त्वाची वस्तुस्थिती उघड न केल्यामुळे झाला असेल, तर कलम ५५ नुसार त्याचे पुनर्विलोकन होऊ शकते. मग त्यामागे फसवणुकीचा हेतू असो वा नसो. म्हणून जुनी इजा किंवा आधीचा आजार डॉक्टरांपासून लपवू नये, हा सल्ला कामगाराच्या हिताचाच आहे.

दुसरा प्रसंग एकाच इजेसाठी दोन ठिकाणांहून लाभ घेण्याचा. राज्य विमा योजनेतील कामगाराला त्याच इजेसाठी १९२३ च्या अधिनियमाखाली भरपाई मागता येत नाही. कलम ५३ ने तो मार्ग बंद केला आहे. एकाच कालावधीसाठी आजारपणाचा आणि तात्पुरत्या अक्षमतेचा असे दोन्ही लाभही मिळत नाहीत. वाहन अपघातात इजा झाली असेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ नुसार दावेदाराने दोहोंपैकी एक कायदा निवडावयाचा असतो. एकदा निवड केल्यावर दुसरा मार्ग उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध मस्तान या प्रकरणात स्पष्ट केले.

तिसरा प्रसंग अवलंबितांमधील वाटपाचा आहे. मृत कामगाराची भरपाई कोणाला किती द्यावी, हे आयुक्त ठरवतात आणि परिस्थिती बदलल्यास तो आदेश बदलूही शकतात. खोटे नाते सांगून, तोतयेगिरीने किंवा अन्य गैरमार्गाने कोणी रक्कम मिळवली असेल, तर कलम ८ च्या पोटकलम ९ नुसार ती वसूल करता येते. ही वसुली खऱ्या वारसाच्या संरक्षणासाठी असते.

चौथा प्रसंग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि मुकादमाचा तिसरा दावा त्याच्याशीच निगडित आहे.

अपिलात निवाडा उलटला तर?

आयुक्तांच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते. रायपूरच्या कामगारासाठी हे न्यायालय म्हणजे १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याबरोबरच स्थापन झालेले बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालय होय. अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच होऊ शकते. शिवाय मालकाने निवाड्याची रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केली पाहिजे, ही अट आहे. पूर्वी कलम ३०-क नुसार अपील प्रलंबित असताना आयुक्त ही रक्कम रोखून ठेवू शकत. २०१७ च्या दुरुस्तीने हे कलम वगळले. परिणामी, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली नसल्यास अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच रक्कम कामगाराच्या हाती पडू शकते.

असा निवाडा पुढे रद्द झाला, तर ‘प्रत्यास्थापना’चे तत्त्व पुढे येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ मध्ये ते ग्रथित आहे. रद्द झालेल्या आदेशामुळे एका पक्षाला मिळालेला लाभ दुसऱ्याला परत मिळावा, असा त्याचा आशय आहे. म्हणून मुकादमाची भीती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. परंतु अपील दाखल होणे म्हणजे निवाडा रद्द होणे नव्हे, आणि निवाडा रद्द झाल्यावरही दिलेली रक्कम परत घ्यावी की नाही, याबाबत न्यायालये परिस्थिती पाहून आदेश देऊ शकतात.

या अनिश्चिततेची लांबी किती असू शकते, हे महाराष्ट्रातील एका प्रकरणावरून दिसते. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. अपघात कामाच्या ठिकाणी झाला नाही, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निवाडा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो पुन्हा कायम केला. कामावर जाताना झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि काम यांचा परस्परसंबंध सिद्ध होत असल्यास, कामाच्या ओघातील अपघात ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. अपघातापासून अंतिम निर्णयापर्यंत बावीस वर्षे लोटली. भरपाईचा कायदा तातडीच्या दिलाशासाठी आहे, हे लक्षात घेता ही बावीस वर्षेच कुटुंबावर पडलेला एक मोठा भार होता.

दुसऱ्याच्या चुकीचा भार कोणावर?

वरील प्रसंगांबरोबरच परतफेड कोठे मागता येत नाही, हेही पाहिले पाहिजे. मालकाने अंशदान न भरल्यामुळे विमाधारकाचा हक्क बुडत असेल, तर कलम ६८ नुसार महामंडळ लाभ देऊ शकते आणि वसुली मालकाकडून करते. ठेकेदाराच्या कामगाराला मुख्य मालकाने भरपाई दिली, तर ती ठेकेदाराकडून भरून घेण्याचा अधिकार त्याला कलम १२ ने दिला आहे. त्रयस्थाच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली असेल, तर कलम १३ नुसार मालक त्या त्रयस्थाकडून आपली रक्कम वसूल करतो. मोटार वाहन कायद्यातही हीच दिशा दिसते. चालकाकडे वैध परवाना नसल्यासारख्या प्रकरणांत विमा कंपनीने आधी अपघातग्रस्ताला रक्कम द्यावी व नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात मान्य केला.

इतर देशांशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत भरपाई घेतलेल्या कामगाराने त्रयस्थाविरुद्ध दावा जिंकला, तर मिळालेल्या रकमेतून भरपाई देणाऱ्या विमा कंपनीची परतफेड करावी लागते. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानुसार नुकसानभरपाई देणारा पक्ष कामगाराला मिळालेल्या शासकीय लाभाची रक्कम थेट शासनाला परत करतो आणि ठरावीक मर्यादेत ती भरपाईतून वळती करतो. भारतीय कायद्याने हा हिशेब मुख्यतः मालक आणि त्रयस्थ यांच्यात ठेवला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. विमा योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात : हक्क नसलेल्याला लाभ मिळणे आणि हक्क असलेल्याला तो न मिळणे. केवळ पहिली चूक टाळण्यासाठी वसुली कठोर केली, तर दुसरी चूक वाढते. परतफेडीच्या धास्तीने पात्र कामगारही दावा करीत नाही. उलट वसुलीची तरतूदच नसेल, तर ‘नैतिक जोखीम’ वाढून सामाईक निधी पोखरला जातो. ज्याला चूक सर्वांत कमी खर्चात टाळता आली असती, त्याच्यावर तिचा भार टाकावा, ही मांडणी गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये अपघातांच्या खर्चाविषयीच्या आपल्या ग्रंथात केली. खोटे निवेदन टाळणे कामगाराच्या हाती असते, म्हणून तेथे परतफेड योग्य ठरते. अंशदान भरणे, हजेरीपट नीट ठेवणे, कराराची नोंदणी करणे या गोष्टी मालकाच्या हाती असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात चुकीने जादा दिलेल्या वेतनाच्या वसुलीवर मर्यादा घातल्या. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे त्यात म्हटले आहे. तो निर्णय भरपाईला थेट लागू होत नाही. मात्र पोटासाठी खर्च झालेला पैसा परत मागताना मागणाऱ्याच्या हक्काबरोबर देणाऱ्याच्या हालांचाही विचार करावा, हे त्यामागील सूत्र येथेही मार्गदर्शक आहे.

नवी संहिता

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि उपरोक्त दोन्ही अधिनियमांची जागा तिने घेतली. संहितेच्या चौथ्या प्रकरणात कर्मचारी राज्य विमा आणि सातव्या प्रकरणात कर्मचारी भरपाई यांविषयीच्या तरतुदी आहेत. कामावर येता-जाता होणाऱ्या अपघातांचा समावेश आता संहितेतच स्पष्टपणे करण्यात आला आहे. तथापि भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी लागू असलेल्या कायद्यानुसार ठरतो. म्हणून त्या तारखेपूर्वीच्या अपघातांसाठी जुन्या अधिनियमांची कलमे पुढील अनेक वर्षे न्यायालयांत उद्धृत होत राहतील. परीक्षार्थींनी जुनी व नवी अशी दोन्ही चौकट अभ्यासावी, ती याच कारणासाठी.

समारोप

सारांश, भरपाई परत करावी लागते ती हक्क नसताना घेतल्यास, एकाच इजेसाठी दोनदा घेतल्यास, गैरमार्गाने दुसऱ्याचा वाटा मिळवल्यास किंवा मूळ निवाडाच रद्द झाल्यास. आगाऊ हप्त्यांची वजावट हा केवळ हिशेब आहे. उपचारांचा खर्च आणि जुनी उचल यांचा भरपाईशी संबंध नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १७-क नुसार, कामगाराला कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी देणे मालकावर बंधनकारक करण्यात आले. उद्देश साधा होता : आपल्या हक्काची माहिती कामगाराला मुकादमाच्या तोंडून प्रथम कळू नये. सिलतऱ्याच्या त्या कल्पित कामगाराच्या हाती असा कागद आधीच असता, तर पाच लाखांहून अधिक रकमेवरचा हक्क त्याने एका सहीत सोडून दिला नसता.